दुलया कुणी टाकल्या

एर्लेनरीट, रविवार, २५ सप्टेंबर १९५५

बाबेट,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग नवा कागद घेतला. ते तुलाही खोटं वाटलं असतं आणि मलाही. कॅनडाला गेल्यापासून तू आईंना दोन कार्डं पाठवलीस. दोन्हींत 'घरातल्या सगळ्यांना नमस्कार' असं होतं. त्या सगळ्यांत मी येते का, हे मी विचारायला गेले नाही.

तुझा भाऊ येतोय. बॉनहून सरकारची मंडळी मॉस्कोला जाऊन आली आणि रशियात उरलेले सगळे युद्धकैदी सोडायचं ठरलं. नावं रेडिओवर वाचतात. काल लोरेन्झचं वाचलं. आई रेडिओसमोर बटाटे सोलत होत्या. नाव आलं, गाव आलं, जन्मसाल आलं. त्यांनी हातातला बटाटा पुरा सोलला, पाण्यात टाकला आणि म्हणाल्या, "ऐकलंस ना? का मलाच भास झाला?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"मग रडत का नाहीस? नवरा येतोय की तुझा, सिलेशियाच्या राणीसाहेब!"

"तुम्ही तरी कुठे रडताय?"

"माझं सगळं पाणी आटलं गं बाई. तू तरुण आहेस."

मी छत्तीस वर्षांची आहे. रडू आलं नाही, काय करू? मी आत जाऊन त्याच्या शर्टांची पेटी उघडली. कसर लागलेली होती. दोन शर्ट बरे निघाले, ते धुतले.

आता कामाचं. गाव त्याचं स्वागत करणार आहे. दारावर देवदाराच्या फांद्यांचं तोरण, चर्चची घंटा, बँड, आणि स्टेशनवर गायकमंडळ. मंडळ कोण चालवतं ते तुला सांगायला नको. विटमान मास्तर. युद्धानंतर नाझी म्हणून दीड वर्ष अमेरिकनांच्या छावणीत बसून आला, आता परत शाळेत शिकवतो, रविवारी ऑर्गन वाजवतो. भाषणही तोच करणार. म्हणजे गाडीतून उतरल्यावर लोरेन्झ पहिला हात मिळवणार तो त्याच्याशी.

लोरेन्झला काही माहीत नाही. रेडक्रॉसच्या कार्डावर मोजके शब्द मावायचे. आईंनी लिहिलं होतं, 'बाबा एप्रिलमध्ये गेले.' त्याने उत्तर दिलं, 'देव त्यांना शांती देवो.' संपलं.

तू त्याला लिही, बाबेट. सगळे कैदी आधी फ्रीडलांडच्या छावणीत उतरतात, दोन-तीन दिवस तिथे असतात. तिथल्या पत्त्यावर लिही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुला जे दिसलं तेवढंच. त्या माणसाच्या हातात हात देण्याआधी त्याला कळलं पाहिजे, एवढंच मला हवंय. मी सांगितलं तर गाव म्हणेल, बघा, स्वतःचं खापर मास्तरांच्या डोक्यावर फोडतेय. तू सख्खी बहीण. तुझ्यावर तो विश्वास ठेवेल.

टिली


गुरुवार, ६ ऑक्टोबर

बाबेट,

तुझं उत्तर नाही. म्हणून मीच लिहून काढते. तू फक्त खाली 'हो, असंच झालं' असं लिही आणि फ्रीडलांडला पाठव. तेवढे कष्ट पुरे.

पंचेचाळीसचा एप्रिल. अमेरिकनांच्या तोफा डोंगरापलीकडे होत्या. आदल्या संध्याकाळी हलगीवाला फिरून गेला होता, ज्या घरावर शरणागतीचं पांढरं फडकं दिसेल त्या घरातल्या पुरुषाला जागच्या जागी मरणाची शिक्षा. मी ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. आपल्याला कुठे फडकं लावायचंय, असं म्हणून मी झोपले.

सकाळी उठले आणि खिडकी उघडून पांढऱ्या खोळींच्या दुलया बाहेर टाकल्या. झालं एवढंच. ते मी का केलं, असं तू मला सहा वर्षं विचारत होतीस. अगं, का म्हणजे काय? सकाळी उठून दुलईला वारं द्यायचं नसतं का? माझ्या आईने टाकल्या, आजीने टाकल्या. तुझ्या घरी सून म्हणून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझ्या आईने मला झापलं होतं, "तुमच्याकडे घामेजल्या अंथरुणात लोळत राहतात का? आधी खिडकी!" त्या दिवशी गावातल्या बाकी बायकांनी घाबरून खिडक्या लावून घेतल्या होत्या. मला सातवा महिना होता, रात्रभर ओकले होते, डोकं जागेवर नव्हतं. हातांनी आपलं काम केलं.

आता तुझा भाग. तू खाली चुलीपाशी होतीस. विटमान मास्तर आपल्याच सैन्याच्या त्या लेफ्टनंटला घेऊन फाटकाशी आला. काठी उचलून त्याने आमची खिडकी दाखवली. काठी त्याने उचलली, बाबेट. त्या लेफ्टनंटला आमचं घर कुठलं हे ठाऊक नव्हतं. तो तर गावातून निघाला होता, ट्रक सुरू होता.

त्याने विचारलं, "हे कुणी टाकलं?"

बाबा गोठ्यातून आले. हाताला शेण होतं. म्हणाले, "मी."

लेफ्टनंट हसला. "घरात तीन बायका असताना दुलया तुम्ही टाकता, आजोबा?"

"माझं घर, माझी खिडकी," बाबा म्हणाले.

तेव्हा मास्तर म्हणाला, "घरमालक हेच आहेत. कायद्याने जबाबदार हेच." हे तू ऐकलंस. त्या रात्री तू मला स्वतः सांगितलंस. आठवडाभराने तुला ते आठवेनासं झालं आणि दुलया तेवढ्या आठवत राहिल्या. का ते मला कळतं. मास्तरने तुला शिकवलं, तुझ्या पहिल्या प्रार्थनेला ऑर्गन वाजवला. तो तुमचा. मी सिलेशियाहून आलेली, बाहेरची.

अमेरिकन दोन दिवसांनी आले. बाबांना आपण एकच दिवस आधी, अक्रोडाच्या झाडावरून उतरवलं होतं. त्याआधी उतरवायची परवानगी नव्हती. अमेरिकनांनी घर घेतलं आणि आपल्याला धुलाईच्या खोलीत काढलं. मी त्यांचे गणवेश धुतले. साबण चांगला होता. त्यांच्या साहेबाने दुभाष्याला घेऊन आईंना विचारलं, म्हाताऱ्याला कुणी मारलं. आई म्हणाल्या, "परकी माणसं होती, निघून गेली." पुढे मास्तरच्या चौकशीतही त्यांनी सांगितलं की मास्तर सज्जन आहेत, आमच्या ह्यांच्या दफनाला ऑर्गन वाजवला. खरंच वाजवला होता. मेलेल्याच्या बायकोनेच सज्जन म्हटल्यावर कोण काय बोलणार?

आन्नेली जूनमध्ये झाली. तुला तिच्याकडे बघवायचं नाही, "हिच्यासाठी बाबा गेले," म्हणायचीस. सत्तेचाळीसच्या जानेवारीत, कोळसा संपला त्या आठवड्यात, तीही गेली. तेव्हा तू स्वतःची शाल आणून तिच्यावर घातलीस. ते मी विसरले नाही. बोलले नाही, पण विसरले नाही.

टिली


शुक्रवार, १४ ऑक्टोबर

बाबेट,

तुझं पत्र आलं. पाच ओळी. आईंनी मला वाचून दाखवायला सांगितलं, त्यांचा चष्मा फुटलाय. मी वाचलं, आवाज न बदलता:

'मला यात ओढू नकोस. मी इथे नव्याने आयुष्य मांडलंय. माझ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. काठी होती की नव्हती, मला आठवत नाही. दुलया होत्या, ते आठवतं.'

आईंनी पत्राची घडी करून एप्रनच्या खिशात टाकली. मग म्हणाल्या, "शहाणी आहे माझी पोरगी."

"आई, तुम्हाला आठवतं का?" मी विचारलं. दहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"मला एवढंच आठवतं की मला याच गावात मरायचंय," त्या म्हणाल्या. "आणि शवपेटीला खांदा द्यायला सहा माणसं लागतात. सहाही मंडळातलीच असतात. तुला पटत नसेल तर सिलेशियाहून मागव." मग माझ्या हातातून टॉवेल ओढून घेतला. "आण इकडे ती ताटं. तुझ्याने पुसली जात नाहीत धड."

त्यांच्यावर चिडावं असं वाटलं, पण चीड काही आली नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. शेजारची ग्रेटे म्हणते, तुला डॉक्टरकडे नेलं पाहिजे. नेऊन काय दाखवणार?

तार आली आहे. उद्या, शनिवारी, दुपारच्या गाडीने. तोरण बांधून झालंय. मंडळाने आज जादा तालीम केली, घरात ऐकू येत होतं. तुझ्याशिवाय भागवायचं तर एकच वाट आहे. आपल्या आधीच्या जंक्शनला त्याची गाडी बदलते. मी सकाळी तिकडे जाईन आणि त्याच गाडीत चढेन. तिथून इथपर्यंत वेळ थोडा असतो, पण दोन वाक्यं बोलायला पुरेसा आहे. वाक्यं तयार आहेत. 'तुझ्या बाबांना फासावर दिलं. घर विटमानने दाखवलं.' दुलयांचं मी स्वतःच सांगेन, लपवायचं काही नाही.

टिली


मंगळवार, १८ ऑक्टोबर

बाबेट,

तो आला. तब्येत बरी आहे म्हणायची. तोंड सुजल्यासारखं आहे, पाय पण. दात पुढचे गेले. फ्रीडलांडला दिलेला नवा सूट अंगात होता, बाह्या लांब. हे सगळं आई तुला लिहायला सांगताहेत, म्हणून लिहिलं.

बाकीचं मी माझं लिहिते. गाडी मला मिळाली. तो तिसऱ्या डब्यात खिडकीपाशी होता, मांडीवर लाकडी पेटी. मी लगेच ओळखलं. समोर जाऊन बसले. त्याने पाय आवरून घेतले, मला जागा व्हावी म्हणून. माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग तो म्हणाला, "बाई, जरा एक काम कराल? एर्लेनरीट आलं की सांगाल का? पूर्वी मला झाडांवरून कळायचं. आता झाडं ओळखू येत नाहीत."

मी म्हटलं, "सांगते."

माझी दोन वाक्यं तयार होती, बाबेट. 'मी टिली' हे तिसरं वाक्य आधी बोलावं लागेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते काही तोंडातून निघेना. त्याने पेटीतून पाव काढला, अर्धा मोडून माझ्यापुढे धरला. अनोळखी बाईपुढे धरतात तसा. मी घेतला आणि खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

गाडी वळली तशी मी म्हटलं, "आलं."

"आभारी आहे, बाई," म्हणाला आणि उतरला.

फलाटावर सगळं गाव होतं. घंटा, बँड. मंडळाने गायला सुरुवात केली तसा तो सावधान उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून, आणि टोपी काढली. मास्तरने भाषण आखूडच केलं, तेवढं बरं. मग पुढे येऊन त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "लोरेन्झ, बेटा! मंडळातली, खर्जाच्या आवाजातली तुझी जागा आम्ही कुणाला दिली नाही हो. इतकी वर्षं रिकामी ठेवली." लोक रडले. लोरेन्झ म्हणाला, "उपकार झाले, मास्तर."

मी गर्दीमागे होते. आई ओरडल्या, "अगं टिली, तिथे काय खांब धरून उभी? ये ना पुढे!" तेव्हा तो वळला. मला बघितलं. त्याला कळलं, आणि तो लाजला. तोंड लाल झालं त्याचं. मला म्हणाला, "तू सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, "तू विचारलं नाहीस."

दोघं हसलो थोडं. खरंच हसलो. गेल्या कित्येक वर्षांत तेवढंच.

म्हणजे हात मिळवून झाला. तू लिहिलं असतंस तर झाला नसता. मी तुला दोष देत नाही, मीही गाडीत बोलले नाहीच. पण आता त्याला सांगायचं राहिलंच आहे, आणि ते मी सांगणार. बाप कसा गेला, हे त्याला ठाऊक नसताना मी त्याच्या शेजारी निजू शकत नाही. मला त्याच्याकडून एकच हवंय. 'दुलया कुणी टाकल्या' हे सगळं गाव विचारतं, त्याने विचारावं, दोर कुणी आणला, घर कुणी दाखवलं. एका माणसाने तरी. मग तो मला ठेवो नाहीतर काढो.

टिली


शुक्रवार, ४ नोव्हेंबर

बाबेट,

हे पत्र आईंनी सांगितलेलं नाही. त्यांना दाखवणारही नाही.

काल गुरुवार, मंडळाच्या तालमीचा दिवस. दोन गुरुवार तो आजारी होता. काल संध्याकाळी तो बाकावर बसून बूट पुसत होता. आई ग्रेटेकडे गेल्या होत्या. मी म्हटलं, "लोरेन्झ, जाऊ नकोस."

"का?"

मी सांगितलं. उभ्याउभ्या सांगितलं. हलगीवाला, खिडकी, दुलया, फाटक, काठी, बाबांच्या हाताचं शेण, अक्रोडाचं झाड. आन्नेलीपर्यंत आले आणि थांबले, तिचं त्याला माहीत होतं. तो एका बुटाला ब्रश मारत राहिला. मग दुसरा घेतला.

"बाबा म्हणाले, मीच टाकल्या?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि तू कुठे होतीस?"

"जिन्यात. मला उतरता येत नव्हतं."

त्याने मान हलवली. मी वाट पाहिली. आता विचारेल, म्हटलं. आता विटमानचं नाव घेईल. वाटल्यास मला शिव्या देईल, चालेल, पण काहीतरी विचारेल.

तो म्हणाला, "आमच्याकडे धूर होता."

मला कळेना.

"रशियातलं एक गाव होतं," तो म्हणाला. "चूल पेटवायची नाही असा हुकूम होता, विमानांना दिसतं म्हणून. थंडी फार. एका घरातून धूर निघाला. आमच्या साहेबाने विचारलं, कुणी पेटवली? म्हातारा पुढे आला, मी म्हणाला. खोटं बोलत होता. काजळी सुनेच्या हाताला होती. सगळ्यांना दिसत होती."

मला वाटलं, हा माझंच मला फिरवून सांगतोय, मला गप्प करायला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नव्हतं तसं. तो बुटाच्या टाचेकडे बघत होता आणि तिथे राहिलेला चिखल नखाने काढत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. हुकूम होता."

"दोर कुणी बांधला, लोरेन्झ?"

"मी. वासराची गाठ येते ना मला. बाकीची पोरं शहरातली, त्यांची निसटायची." थोड्या वेळाने म्हणाला, "त्यासाठीच पंचवीस वर्षांची कैद दिली होती रशियनांनी. गाव समजतं, उगाच दिली. समजू दे."

इतकी वर्षं मी कुणालातरी हा प्रश्न विचारायला लावायच्या खटपटीत होते. शेवटी विचारला मीच, आणि उत्तरही मिळालं. तुला सांगते, मला त्याचा राग आला नाही, किळसही नाही आली. मी त्याच्या हातांकडे पाहत होते. फ्रीडलांडहून येताना याच हातांनी त्याने मला अर्धा पाव दिला होता.

"आणि सून?" मी विचारलं. "तिचं काय झालं पुढे?"

त्याने बूट चढवले. नाड्या बांधल्या. खरंच आठवून पाहत होता, असं मला वाटलं.

"काय व्हायचंय तिचं?" तो म्हणाला. "असेल तिथेच. कुठे जाणार ती?"

मग कोट घातला आणि तालमीला गेला.

फ्रीडलांडला काही लिहिलं असशील तर ते परत येईल, जाळून टाक. इथेही काही लिहू नकोस. तुला दुलयांचं आठवतं तेवढं बरोबर आहे.

टिली